पंच

माझी सही
ठाण्याच्या बावीस वर्षांच्या कागदांवर आहे.
देवाजी शिवा दडमल, रा. मोहबोडी, धंदा सायकलदुरुस्ती,
समक्ष हजर.

समक्ष म्हणजे कसं,
जीप दुकानासमोर हॉर्न वाजवायची,
मी हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडून
मागच्या फाळक्यावर बसायचो.
तलावापलीकडे मोहाच्या झाडांत
कोंबडबाजार आमच्याआधीच उठलेला असायचा.
पळणाऱ्यांच्या पाठी मी ओळखायचो,
नावं सांगायचो नाही.
पाठी तर साहेबही ओळखायचा.

मग लिहिणं: गट नंबर एकशे चार,
नगदी तीनशे चाळीस,
लोखंडी काती दोन,
झुंजीचे कोंबडे नग दोन, पैकी एक जखमी,
कलम बारा.
आणि खाली डाव्या कोपऱ्यात मी,
चहा निवायच्या आत.

सुखरू कोडापे एकदाच सापडला,
पाय मुरगळला म्हणून.
तीन तारखा, दंड पाचशे,
एसटीचं भाडं त्याहून जास्त.
त्याचा लाल कोंबडा मुद्देमाल म्हणून
ठाण्यामागच्या जांभळीला बांधला होता.
मुद्देमालाला दाणे द्यायचं खातं नाही,
शिपाईबाई डब्यातला भात टाकायची.
पहाटे तो असा आरवायचा
की लॉकअपमधले उठून बसायचे.

काल ग्रामसभा झाली.
शाळेच्या भिंतीवर चादर लावून चित्र दाखवलं:
तोच गट नंबर एकशे चार.
मोहाची झाडं ठेवली होती,
बुंध्यांना दिवे लावले होते.
काचेची इमारत, आत फिरतं चाक.
कॅसिनो हा शब्द आम्हीच म्हणालो,
टायवाला म्हणाला, मनोरंजन संकुल.
वाघ बघायला आलेल्या पाहुण्यानं
रात्री करायचं काय, असा शासनापुढे प्रश्न आहे.
महसूल म्हणाला. चौदा वेळा म्हणाला,
पंचाला मोजायची सवय असते.
गावकऱ्यांना आत प्रवेश नाही,
म्हणजे तुमचं नुकसान होणारच नाही,
असंही म्हणाला.

सुखरू मागून बोलला, खर्रा थुंकून:
"आमी खेरलो त गुन्हा, तुमी खेरले त महसूल.
कोंबडा त तोच ना जी?"

सगळे हसले. रोशनी ननावरे हसली नाही.
हॉटेलचा कोर्स केलेली पोर,
नागपुरात दुसऱ्यांच्या लग्नात ताटं उचलते.
उठून उभी राहिली:
"हासा. दवाखान्यावर छत कोन टाकनार?
जुगार त तुमी खेरताच, सुखरूमामा.
मामीच्या पाटल्या कोनत्या सरकारनं नेल्या?
निदान याची पावती त भेटल."

इतकी वर्षं सुखरूची पळती पाठ बघितली होती.
काल बसलेली बघितली.

सरपंच इंदूबाई गहाणेंनी एकच विचारलं,
"किती लोकं हरले पायजेत, साहेब,
एका छतासाठी?"
आकडा मागवून कळवू, म्हणाला टायवाला,
आणि चादरीवरचं चाक
लॅपटॉप बंद होईस्तोवर फिरत राहिलं.

ठरावाला अनुमोदक लागतो.
ग्रामसेवकानं सवयीनं कागद माझ्याकडे सरकवला:
"देवाजी, तू तर समक्ष होतास."
मी म्हटलं, चष्मा घरी राहिला.
चष्मा खिशात होता.

रात्रभर पोरीचं बोलणं खरं वाटलं.
मग सुखरूचं.
मग इंदूबाईंचा आकडा मनात मांडत बसलो,
छताचे पत्रे चोवीस धरून,
आणि हिशेब पाटल्यांपाशीच अडकला.

एक सांगायचं राहिलं.
तो लाल कोंबडा सुटला नाही.
केस चालू असताना रजिस्टरला
'मयत' अशी नोंद झाली,
पंच म्हणून खाली माझीच सही आहे.
त्या रात्री ठाण्यात रस्सा झणझणीत होता.
साहेबानं मलाही
वाटीभर दिला होता.